कुत्र्याचा विमा आणि गंभीर आजारपण : पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

घरात पहिल्यांदा कुत्रा आणणारी माणसे त्याच्या खाण्याची, झोपण्याच्या जागेची आणि फिरवण्याच्या वेळांची चौकशी अगत्याने करतात. विम्याची चौकशी मात्र बहुधा कुत्रा दवाखान्यात दाखल झाल्यावर सुरू होते आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. आमच्या ठाण्याच्या घरी गुंडी नावाची देशी कुत्री होती. ती पाच वर्षांची असताना पावसाळ्यात तिला गोचीड ताप झाला, चार दिवस ती सलाइनवर राहिली आणि बरी झाली. तिचा विमा होता, सहा आठवड्यांपूर्वीच काढलेला. पण दाखल करताना मी डॉक्टरांना खरे तेच सांगितले होते, की ती दोनेक महिन्यांपासून मलूल आहे आणि अर्धे जेवण टाकते. ते वाक्य केस पेपरवर लिहिले गेले आणि आजार पॉलिसीच्या आधीचा आहे, या कारणावरून दावा नामंजूर झाला. कागद पाहता कंपनीला चूक म्हणता येत नव्हते. चूक एवढीच होती, की तिच्या मलूलपणाने धास्तावून मी विमा काढला होता. विमा कुत्रा धडधाकट असतानाच काढायचा असतो आणि आजारपणात तो उपयोगी पडावा म्हणून करायची बरीचशी कामेही त्याच काळात उरकायची असतात.

पहिली पायरी : हा विमा नेमका कशाचा असतो

कायद्याच्या दृष्टीने पाळीव कुत्रा ही मालकाची मालमत्ता असते. त्यामुळे त्याचा विमा माणसांच्या आरोग्य विम्यात मोडत नाही, तो सर्वसाधारण विम्याचा प्रकार आहे. याचा व्यवहारातला परिणाम असा, की आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकराच्या ८०डी कलमाखाली मिळणारी वजावट इथे मिळत नाही, आणि आपल्या स्वतःच्या पॉलिसीमुळे अंगवळणी पडलेल्या सवलती इथेही असतील असे गृहीत धरता येत नाही. जे पॉलिसीत लिहिलेले आहे तेवढेच खरे.

भारतात या विम्याचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. जुना प्रकार गाई-म्हशींच्या विम्याच्या धर्तीवरचा आहे. कुत्रा अपघाताने किंवा आजाराने दगावला तर त्याच्या ठरलेल्या किमतीइतकी रक्कम मिळते, उपचारांचा खर्च मिळत नाही. नव्या प्रकारात शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च हा गाभा असतो. मृत्यू, असाध्य आजाराचे निदान, दीर्घकालीन शुश्रूषा, बाह्यरुग्ण तपासणी, चोरी किंवा हरवणे, कुत्रा कोणाला चावल्यास द्यावी लागणारी भरपाई अशी कलमे त्याला जादा हप्ता भरून जोडता येतात. गंभीर आजारपणाच्या दृष्टीने जुन्या प्रकाराचा उपयोग फार थोडा आहे. दहा वर्षे घरात वाढलेल्या देशी कुत्रीची ‘बाजारभावाची किंमत’ कागदावर किती धरणार, हा प्रश्नच मुळात वेदनादायक आहे. म्हणून विमा प्रतिनिधीला पहिला प्रश्न हप्त्याचा न विचारता, यात उपचारांचा खर्च येतो की फक्त मृत्यूची भरपाई, हा विचारावा.

दुसरी पायरी : वय, ओळख आणि आरोग्याचा दाखला

प्रत्येक पॉलिसीत प्रवेशाचे किमान आणि कमाल वय दिलेले असते. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांसारख्या अवाढव्य जातींचे आयुष्य कमी असल्यामुळे त्यांची कमाल वयोमर्यादा लहान जातींपेक्षा बरीच आधी संपते. पिल्लाचे पहिले लसीकरण पूर्ण होताच विम्याचा अर्ज करणे सर्वांत सोयीचे, कारण त्या वेळी आधीच्या आजारांचा इतिहास जवळजवळ कोरा असतो. देशी कुत्र्यांना घेतात का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

ओळखीचा मुद्दा अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण दाव्याच्या वेळी तोच अडतो. विमा उतरवलेला कुत्रा आणि दवाखान्यातला कुत्रा एकच आहे, हे सिद्ध करता आले पाहिजे. चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, अंगावरच्या खुणांचे वर्णन आणि शक्य असल्यास मायक्रोचिप, एवढे असले की वाद उरत नाही. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती मानेजवळ कातडीखाली सुईने बसवतात आणि वाचक यंत्राने तिचा १५ अंकी क्रमांक दिसतो. तो क्रमांक लसीकरणाच्या पुस्तिकेवर, पॉलिसीवर आणि महापालिकेच्या कुत्रा पाळण्याच्या परवान्याच्या अर्जावर अचूक उतरवलेला आहे याची एकदा पडताळणी करावी, कारण एका अंकाची चूकही नंतर महाग पडते. चिप असल्यास काही कंपन्या हप्त्यात सूटही देतात.

तिसरी पायरी : पॉलिसी वाचणे

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. माहितीपत्रकावर भरवसा ठेवू नये. पॉलिसीचा संपूर्ण मसुदा मागून घ्यावा आणि पेन्सिल हातात घेऊन वाचावा.

सर्वांत आधी प्रतीक्षा काळ पाहावा, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यानंतर किती दिवसांत उद्भवलेला आजार ग्राह्य धरला जात नाही. त्यानंतर ‘आधीपासून असलेला आजार’ याची व्याख्या वाचावी. तिथे केवळ निदान झालेला आजार म्हटले आहे, की लक्षणे दिसू लागलेला आजारही त्यात येतो, या दोन वाक्यरचनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुंडीचा दावा दुसऱ्या रचनेवर अडला. मग लसीकरणाची अट येते. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस, रेबीज यांसारखे लसीने टळणारे आजार, लस वेळेवर दिलेली नसेल तर पॉलिसीतून वगळलेले असतात. बूस्टरची तारीख टळून गेलेली असणे म्हणजे लस न देणेच, असा अर्थ लावला जाऊ शकतो. जन्मजात व्यंगे, गर्भारपण आणि वेत, दातांची सफाई, सौंदर्यासाठी शेपूट किंवा कान कापणे हे खर्चही साधारणपणे बाहेर असतात. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांनी खुब्याच्या सांध्याच्या आनुवंशिक दोषाबद्दल कलम काय म्हणते, ते मुद्दाम शोधून वाचावे.

आता पैशांचे कलम. विमा रक्कम मोठी दिसली तरी तिच्या आत प्रत्येक आजारासाठी वेगळी मर्यादा असू शकते, शिवाय प्रत्येक दाव्यात मालकाने उचलायचा हिस्सा असतो. समजा, दवाखान्याचे बिल ४०,००० रुपये झाले. त्यातील ६,००० रुपये दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचे होते आणि त्या पॉलिसीत बसत नाहीत. उरलेल्या ३४,००० रुपयांवर मालकाचा हिस्सा १० टक्के, म्हणजे ३,४०० रुपये. कागदोपत्री ३०,६०० रुपये मिळायला हवेत. पण त्या आजाराची मर्यादा २५,००० रुपये असेल, तर हातात २५,०००च येतील आणि १५,००० रुपये खिशातून जातील. हे गणित आपल्या पॉलिसीचे आकडे घालून पॉलिसी घेण्यापूर्वीच करून पाहावे.

या गणितामुळेच माझे ठाम मत असे झाले आहे, की विम्याच्या जोडीला कुत्र्याच्या नावाने वेगळी शिल्लक हवीच. दरमहा जमेल तेवढ्या रकमेचे आवर्ती ठेव खाते पुरेसे आहे. बहुतेक वेळा बिल आधी आपण भरायचे आणि परतावा नंतर मिळवायचा, अशीच पद्धत असते. त्यामुळे विमा असूनही त्या रात्री रोख रक्कम लागतेच. म्हातारपणामुळे विमा मिळत नसलेल्या कुत्र्यांसाठी तर ही शिल्लक हाच विमा होय.

चौथी पायरी : एक फाइल

लसीकरणाची पुस्तिका, पॉलिसी, प्रत्येक भेटीचा केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, एक्स-रे आणि बिले तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावीत आणि त्यांची छायाचित्रे फोनमध्ये ठेवावीत. वर्षातून एकदा, कुत्रा धडधाकट असताना, रक्ताची सर्वसाधारण तपासणी करून घ्यावी. तिचा विम्याला उपयोग आहेच, कारण अमुक तारखेला सर्व काही ठीक होते हा पुरावा तयार होतो. पण डॉक्टरांना तिचा त्याहून अधिक उपयोग होतो. मूत्रपिंडांची सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता गेल्याखेरीज रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो घटक) सहसा मर्यादेबाहेर जात नाही. अशा वेळी मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, तर हळूहळू चढत जाणारी रेषा आधीच दिसू शकते.

पाचवी पायरी : गंभीर आजार ओळखणे

कुत्रा दुखणे लपवतो. म्हणून निरोगी असतानाचे त्याचे आकडे मालकाला पाठ असावेत. गुदद्वारातून मोजलेले तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. शांत झोपेतला श्वास मिनिटाला ३०च्या आत असतो, आणि हृदयविकार असलेल्या कुत्र्यात तो सतत ३०च्या वर जाऊ लागणे ही छातीत पाणी साचू लागल्याची खूण असू शकते. हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा.

काही लक्षणांत सकाळची वाट पाहता येत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर पडणे, पोट फुगलेले असताना कोरड्या ओकाऱ्या येत राहणे, लघवीला जोर करूनही न होणे, लागोपाठ फिट्स येणे, उन्हात धापा टाकत कोसळणे, आणि पिल्लाला उलट्यांसोबत रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब होणे, ही ती लक्षणे. शेवटचे लक्षण बहुधा पार्व्होचे असते आणि त्यात सलाइन किती लवकर सुरू झाले यावर जीव अवलंबून असतो. शस्त्रक्रियेने गर्भाशय न काढलेली मादी माजावर येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यांत खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडू लागली, मागून स्राव दिसू लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. कधी स्राव दिसतही नाही आणि तो प्रकार अधिक धोक्याचा असतो.

आपल्याकडे पावसाळ्यात दोन आजार विशेष लक्षात ठेवावेत. गोचीड ताप हे एकाच आजाराचे नाव नाही, एर्लिकिया आणि बॅबेसिया हे त्याचे दोन प्रकार. एर्लिकियात रक्तातील प्लेटलेट्स उतरतात, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके दिसतात किंवा नाकातून रक्त येते. बॅबेसियात तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होते आणि लघवी गडद होते. दोघांची औषधे वेगळी आहेत. एर्लिकियासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन साधारणपणे चार आठवडे चालते, आणि कुत्रा आठव्या दिवशी उड्या मारू लागला तरी ते मध्येच थांबवू नये. दुसरा आजार लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो, त्याच्या तडाख्यात यकृत आणि मूत्रपिंडे सापडतात, आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. अशा कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत आणि घरातल्या कोणाला ताप आल्यास आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची कल्पना द्यावी.

घरातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. सद्हेतूने दिलेल्या अर्ध्या गोळीने मूळ आजारापेक्षा मोठे संकट ओढवू शकते.

सहावी पायरी : डॉक्टरांसमोर

निदान ऐकताना मन बधिर होते, म्हणून प्रश्न आधीच कागदावर लिहून न्यावेत. निदान पक्के आहे की संशय आहे? पुढची तपासणी केल्याने उपचार बदलणार आहेत का? उपचार केले तर किती काळ आणि कसा मिळेल, नाही केले तर काय होईल? रोजच्या खर्चाचा अंदाज काय आणि तो कधी वाढू शकतो? खर्चाचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण चांगल्या डॉक्टरांना तो प्रश्न हवाच असतो, कारण त्यावरूनच त्यांना पेलणारी वाट सुचवता येते. विम्यासाठी म्हणून आजाराचा कालावधी कमी सांगणे किंवा डॉक्टरांना तसे लिहायला लावणे, हे मात्र कदापि करू नये. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय चुकीच्या माहितीवर चुकीचे उपचार होतात आणि त्याची किंमत कुत्रा मोजतो.

‘कॅन्सर’ हा शब्द ऐकताच सर्व संपले असे समजू नये. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत संबंधातून पसरणारी जननेंद्रियावरची गाठ आपल्याकडे बरीच आढळते. दिसायला ती भयंकर असते, पण आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाच्या चार-सहा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. याउलट लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, केमोथेरपीने आजार काही महिने, कधी वर्षभर दबून राहतो, पण तो समूळ जाणे विरळा. एकाच शब्दाखाली इतके वेगळे आजार असतात.

दुसरे मत घ्यायचे असेल तर महाराष्ट्रात जागा आहेत. मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना फाइल न्यावी, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

सातवी पायरी : दावा

दाखल केल्याबरोबर, पॉलिसीत दिलेल्या मुदतीत, कंपनीला ईमेलने कळवावे. फोन केला असला तरी ईमेल करावाच, कारण तारीख राहते. डिस्चार्जच्या वेळी नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याचा सारांश, त्यात निदान आणि लक्षणे सुरू झाल्याची तारीख, बाबवार बिल, औषधांची मूळ बिले व चिठ्ठ्या आणि सर्व अहवाल घ्यावेत. ‘उपचार खर्च’ एवढेच लिहिलेले एकरकमी बिल परत येते. सर्व कागदांवर कुत्र्याचे नाव आणि मायक्रोचिप क्रमांक सारखाच आहे हे तिथेच खिडकीपाशी तपासावे.

दावा नाकारला गेल्यास कारण आणि कलम लेखी मागावे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कलम स्पष्टपणे आपल्या विरुद्ध असेल, तर आजारी कुत्र्याच्या सेवेतला वेळ त्यात घालवू नये. गुंडीच्या वेळी मी कलम पुन्हा वाचले आणि तक्रार केली नाही.

आठवी पायरी : आजार बरा होणारा नसेल तेव्हा

असाध्य आजाराचे जादा कलम घेतले असेल, तर निदानाच्या लेखी दाखल्यावर एकरकमी पैसे मिळू शकतात. दाखला मिळाला की लगेच अर्ज करावा, त्या पैशांचा उपयोग कुत्रा जिवंत असतानाच आहे.

घरी एक वही करावी. तीत रोजचे खाणे, पाणी, लघवी, औषधांच्या वेळा आणि श्वास लिहावा. अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी जगण्याची प्रत मोजण्यासाठी सात बाबी सुचवल्या आहेत : वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवणे रास्त मानतात. गुंडीच्या शेवटच्या वर्षी, तिची मूत्रपिंडे निकामी होत असताना, आम्ही घरातील तिघे दर रविवारी वेगवेगळे गुण लिहायचो. माझे गुण नेहमी सर्वांत जास्त असायचे. तिला घरी सलाइन लावणाऱ्या माझ्या आईचे सर्वांत कमी, आणि आईचेच खरे असायचे. म्हणून गुण एकट्याने देऊ नयेत, आणि जो प्रत्यक्ष सेवा करतो त्याचे मत अधिक धरावे.

दयामरणाचा निर्णय झाला, तर त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. आजार असाध्य आहे आणि यातना थांबवण्यासाठी हा सल्ला दिला आहे, असे डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे. तसेच पॉलिसीत मृत्यूचे कलम असल्यास कंपनीला आधी कळवून उत्तर मागून घ्यावे. आधी गुंगीचे इंजेक्शन द्यायला सांगावे. कुत्र्याला आपली माणसे जवळ हवी असतात, शक्य तर शेवटपर्यंत तिथेच थांबावे.

नववी पायरी : नंतर

अंत्यविधीच्या आधी कंपनीला कळवावे. मृत्यूचा दाखला, छायाचित्रे, चिपचे वाचन आणि पॉलिसीत मागितले असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल, हे सर्व दहनानंतर मिळवता येत नाही. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनव्यवस्था आहे. इतर शहरांत महापालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाकडे विचारावे. परवाना रद्द करण्याचा अर्जही तिथेच द्यावा.

मृत्यू पार्व्होने झाला असेल, तर तो विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने टिकतो. साध्या साबणाने किंवा फिनाइलने तो मरेल याची खात्री देता येत नाही. फरशी आणि भांडी आधी स्वच्छ धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणाने दहा मिनिटे ओली ठेवावीत. गाद्या आणि पट्टे टाकून द्यावेत. त्या घरात नवे पिल्लू आणायचेच असेल, तर साधारण सोळा आठवड्यांच्या वयापर्यंतचे त्याचे सर्व डोस पूर्ण होऊन आणखी दोन आठवडे जाऊ द्यावेत.